मदत हवी आहे: ५४ पूर्ण झाली तरी पाळी चालूच, कसं निभवायचं?

घोडबंदरवाली

नमस्कार मैत्रिणींनो. पुरुषांनीही वाचलं तरी चालेल, घरी आई-बायको असतेच.

माझं वय ५४ पूर्ण. ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, ऑफिस सीबीडी बेलापूरला. पाळी अजून चालू आहे. चालू म्हणजे नुसती चालू नाही, थैमान चाललंय. पन्नाशीपर्यंत महिन्याच्या महिन्याला यायची, चार दिवस, संपलं. आता कधी वीस-एकवीस दिवसांतच हजर, कधी दोन महिने गायब, आणि मला वाटायला लागतं की सुटलो बाई एकदाचे, तोवर अशी येते की विचारू नका. पहिले दोन-तीन दिवस अंगावरून इतकं जातं की रात्रीचा मोठा पॅडही दीड-दोन तासांत भरतो, गाठी पडतात, आणि मग आठ-नऊ दिवस थोडं थोडं चालूच राहतं.

ठाण्याहून पनवेल लोकल पकडते, बसायला मिळालं तर सीटवर डाग पडेल ही भीती आणि उभी राहिले तर पाय गळून जातात. पण खरं संकट ट्रेनचं नाहीच, घोडबंदरच्या बसचं आहे. मेट्रोच्या कामापासून त्या रस्त्याचा काही भरवसा नाही, एकदा अडकलं की अडकलं, उतरून जायचं कुठे? त्या दिवसांत मी दुपारपासून पाणी पीत नाही, म्हणजे निदान लघवीचा प्रश्न तरी नको, आणि मग संध्याकाळी डोकं ठणकतं ते वेगळंच. काळ्या-निळ्या सलवारी सोडून बाकीचे कपडे कपाटात पडून आहेत.

घरात मी आणि माझी लेक एकाच पाकिटातले पॅड वापरतो, तिला हसू येतं, मलाही येतं कधीकधी. पण सासूबाई दर गौरीला विचारतात, "अजून जात नाही का गं तुझी?" आणि मी या वयात गौरीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते. मोठ्या बहिणीची ४५ ला गेली, जावेची पिशवी काढली. मैत्रिणींना सांगावं तर म्हणतात चांगलंय की, अजून तरुण आहेस! हे वाक्य पुन्हा कोणी म्हटलं तर मी खरंच काहीतरी फेकून मारणार आहे.

हिमोग्लोबिन ९.२ आलंय. जिना चढताना धाप लागते. बीपीची गोळी चालू आहे, वजनही जास्त आहे. घराजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले तर बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं की मुलं झालीत, वय झालंय, पिशवी काढून टाका. सोनोग्राफी नाही, काही नाही. थेट तारीखच विचारायला लागल्या.

तर या वयात पाळी असणं हेच मुळात चुकीचं आहे का, की काही जणींची उशिरापर्यंत असतेच? पिशवी न काढता काही होतं का? आणि ज्यांची ५२-५३ च्या पुढे चालली त्यांनी नोकरी, प्रवास हे सगळं कसं सांभाळलं ते प्लीज सांगा. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका, दाखवणारच आहे, पण जायच्या आधी मला काय विचारायचं ते तरी कळू दे.

तिसरा डबा

अगं मी पण तुझ्याच ट्रेनमधली, घणसोलीला उतरते. माझी ५५ ला थांबली. त्यामुळे तू एकटी नाहीस हे आधी.

मी काय करायचे ते सांगते. पाळीच्या खास पँटी मिळतात आता, ऑनलाइन मागवल्या, पॅडच्या खाली ती घालायची म्हणजे पॅड सरकला तरी बाहेर काही येत नाही. थोड्या महाग वाटतात पण धुऊन वर्षानुवर्षं चालतात. पाळीचा कप, आत बसवायचा सिलिकॉनचा, तो पण वापरून बघितला, लेकीने शिकवलं, ५३ व्या वर्षी! पहिले दोन महिने शिव्या दिल्या मग सवय झाली. कपात पॅडपेक्षा बरंच जास्त मावतं, बसमध्ये जीव भांड्यात पडतो. खूप जाणाऱ्या दिवशी कप आणि वर एक पॅड. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक सलवार, एक चड्डी आणि काळी पिशवी कायमची.

आणि पाणी बंद करू नकोस गं. रक्त जातंय, वर पाणी पण नाही, डोकं ठणकणारच.

पाचपाखाडीची मावशी

माझं मत विचाराल तर काढून टाका पिशवी, कशाला त्रास काढायचा. माझ्या जावेने काढली, सहा आठवडे आराम केला आणि आता यात्रा करत फिरते. दूर्वांचा रस घेऊन बघा, आमच्याकडे सगळ्या घ्यायच्या. अशोकारिष्ट पण चांगलं.

निवृत्त सिस्टर

मावशी, जावेला बरं वाटलं हे चांगलंच, पण तिच्या पिशवीत काय होतं ते आपल्याला माहीत नाही ना. आधी तपास, मग उपाय. आणि दूर्वांच्या रसाने ९.२ चं १२ होत नाही.

मी डॉक्टर नाही, स्त्रीरोग वॉर्डात नोकरी केलेली नर्स आहे, तेवढ्या अधिकारात लिहिते.

पहिलं म्हणजे वय. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. सरासरी म्हणजे काही जणींची आधी, काहींची नंतर, त्यामुळे ५४ ला पाळी असणं एवढ्यावरून काही बिघडलंय असं होत नाही. ५५ च्या पुढे गेली तर तिला उशिराची म्हणतात. त्याचा एक फायदा, हाडं जास्त काळ मजबूत राहतात, आणि तोटा असा की स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. घाबरायचं नाही पण स्तनांची तपासणी टाळायची नाही. पाळी गेली असं कधी म्हणायचं, तर सलग बारा महिने एक थेंबही दिसला नाही की. दोन महिन्यांची सुट्टी त्यात धरत नाहीत.

पण तुमचा प्रश्न वयाचा नाही, किती जातंय त्याचा आहे. दीड-दोन तासांत पॅड भरणं, गाठी, सात दिवसांच्या पुढे चालणं, वर हिमोग्लोबिन ९.२, हे "वय झालं की होतंच" म्हणून सोडायचं नाही. या वयात बऱ्याचदा बीज सुटत नाही, मग प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही आणि नुसत्या इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनवर पिशवीचं अस्तर जाड होत राहतं, आणि एक दिवस ते सगळं एकदम कोसळतं. तुमचे दोन महिने गायब आणि नंतरचा पूर, बहुतेक हेच. पण फायब्रॉइड म्हणजे पिशवीतली साधी गाठ असू शकते, पॉलिप म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब असू शकतो, पिशवीची भिंत सुजलेली असू शकते, थायरॉइड असू शकतं, रक्त पातळ करायच्या गोळीनेही होतं. आणि क्वचित कॅन्सर. वजन, बीपी, शुगर असलेल्या बायकांत तो जास्त बघितला जातो, म्हणूनच न तपासता कोणी काढाही म्हणू नये आणि थांबाही म्हणू नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर सीबीसी (रक्ताची साधी तपासणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), शुगर आणि खालून करतात ती सोनोग्राफी यांचं विचारा. पाळी संपल्यावर लगेच केली तर अस्तर नीट कळतं. पंचेचाळिशीच्या पुढे असा वेडावाकडा रक्तस्राव असेल तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात, बायोप्सी. बारीक नळीने ओपीडीतही होते, दुखतं, पण थोडा वेळ. कधी दुर्बिणीने आत बघून घेतात. लॅबवाले "मेनोपॉज पॅकेज" म्हणून हार्मोनच्या टेस्ट गळ्यात मारतात, या वयात त्यातलं एफएसएच हे हार्मोन रोज बदलतं, त्यातून फारसं काही कळत नाही.

तपासात वाईट काही निघालं नाही तर पिशवी न काढता भरपूर करता येतं. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, जाणं निम्म्याच्या आसपास येऊ शकतं, मात्र पायात-फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झाली असेल तर आधी सांगायचं. मेफेनॅमिक ॲसिडने दुखणंही कमी होतं, पण बीपी आहे म्हणून विचारूनच. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत. हार्मोनवाली कॉपर टी म्हणतात ती आहे, तिच्यात तांबं नसतं खरं तर, ती अस्तर पातळ ठेवते. अस्तर जाळून टाकायची छोटी प्रक्रिया आहे. ऑपरेशन सगळ्यात शेवटी. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या ते २०१९ ला सगळ्या पेपरांत आलं होतं, तेव्हापासून तरी आपण दुसरं मत घ्यायला शिकायला हवं.

लोह आजपासून बघा. गोळी रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब. शी काळी होते, घाबरू नका. सोसत नसेल तर शिरेतून देतात. चक्कर, छातीत धडधड, किंवा दर तासाला पॅड बदलावा लागतोय असं दोन तास चाललं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल.

खाजगी नको असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, तुमच्या ऑफिसच्या बाजूने वाशीचं महापालिकेचं. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

कोपरखैरणेकर

पुरुष आहे, बायकोच्या वतीने लिहितोय, ती शेजारी बसून सांगतेय. तिला ५१ ला छोटा फायब्रॉइड निघाला, दोन डॉक्टर काढा म्हणाले, तिसऱ्यांनी बायोप्सी करून ती हार्मोनवाली टी बसवली. पहिले चार-पाच महिने रोज थोडं थोडं डाग लागत होतं, ती वैतागून काढायला निघाली होती. मग हळूहळू बंदच झालं. सगळ्यांना सूट होईल असं नाही, फायब्रॉइड पिशवीच्या आत वाकडा असेल तर बसत नाही म्हणे.

अवांतर पण महत्त्वाचं, मेडिक्लेम नवीन असेल तर कागद बघा, पिशवीच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसीत दोन वर्षांचं वेटिंग असतं.

घोडबंदरवाली

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. सिस्टर, तुमचा प्रतिसाद फोनमध्ये सेव्ह केलाय. तिसरा डबा, पँटी मागवल्या, कपाचं अजून धाडस होत नाही, लेक म्हणतेय मी शिकवते 😄

एक विचारायचं राहिलं, इथे नाव नाही म्हणून विचारते. दोन महिने पाळी येत नाही तेव्हा पोटात गोळा येतो. या वयात दिवस जाऊ शकतात का? कोणाला विचारायची सोय नाही, नवऱ्याला विचारलं तर तो हसला.

निवृत्त सिस्टर

शक्यता फार कमी, पण शून्य नाही. पन्नाशीनंतर पाळी थांबली तरी शेवटच्या पाळीपासून एक वर्ष काळजी घ्यायला सांगतात, पन्नाशीच्या आत थांबली तर दोन वर्षं. ५५ नंतर बहुतेक डॉक्टर सोडून द्या म्हणतात. त्यामुळे मिस्टरांना सांगा, हसू नका, निरोध आणा. ती हार्मोनवाली टी बसवली तर हाही प्रश्न मिटतो. तोवर शंका आली तर मेडिकलमधून टेस्टची पट्टी आणायची, लाजायचं काय त्यात.

पाचपाखाडीची मावशी

सिस्टर, माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात दोन दिवस गुलाबी डाग दिसला. आपोआप गेला म्हणून मी कोणाला बोलले नाही. तुमचं वाचून विचारते, उष्णता असेल ना?

निवृत्त सिस्टर

मावशी, नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी तो दाखवायचाच, आपोआप थांबला तरी. बहुतेक वेळा कोरडेपणा किंवा छोटा पॉलिप निघतो, पण कॅन्सर नाही हे आधी तपासावं लागतं, आणि लवकर सापडला तर उपचार चांगले होतात. तुमच्या बाबतीत सोनोग्राफीत अस्तराची जाडी चार मिलिमीटरच्या वर आली किंवा पुन्हा डाग दिसला तर बायोप्सी करतील. घोडबंदरवालींना मात्र हा चारचा आकडा लागू नाही, त्यांची पाळी चालू आहे, अस्तर महिन्याभरात कमीजास्त होतं.

या आठवड्यात जा. सुनेला नाहीतर जावेला घेऊन जा सोबत.

पाचपाखाडीची मावशी

बरं. सोमवारी जाते. जावेला नको, ती गावभर करेल. सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचं का?

निवृत्त सिस्टर

खालून करतात तिला लघवी करून रिकाम्या पोटऱ्याने... सॉरी, मोबाईल काहीही लिहितो, रिकाम्या मूत्राशयाने जायचं. आधी पोटावरून करणार असतील तर ते तिथेच पाणी प्यायला सांगतील. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन जा.