नवा प्रोटोकॉल लिहिताना अजूनही बिग-एंडियन का?

खटपट्या:
क्विक या नव्या इंटरनेट प्रोटोकॉलचा मानक दस्तऐवज, आरएफसी ९०००, आला २०२१ मध्ये. त्यातही आकडे बिग-एंडियन, म्हणजे वरचा (जास्त किमतीचा) बाइट आधी, टीसीपी/आयपीच्या जुन्याच क्रमाने. पाठवणारा आणि घेणारा दोघंही बहुधा एक्स८६ नाहीतर एआरएम प्रोसेसरवर, म्हणजे लिटल-एंडियन, खालचा बाइट आधी. मग दोघांनी बाइट उलटवायचे ते कोणासाठी, बिग-एंडियन राहिलेल्या आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी? वायरगार्ड या व्हीपीएनने हेडर सरळ लिटल-एंडियन ठेवलं, कोणाचं काही अडलं नाही. हा वारसा आता सोडावा.

रात्रपाळी:
असहमत. उलटवायला खर्च किती येतो? इंटेलच्या ४८६ पासून त्यासाठी एकच इन्स्ट्रक्शन आहे, बीस्वॅप. वेगाचा मुद्दा बाद. त्रास होतो विसरल्याचा: एचटीऑन्स (बाइट उलटवणारं फंक्शन) लावायचं राहिलं की पोर्ट ८० चा २०४८० होतो आणि कम्पायलर हूं की चूं करत नाही.

खटपट्या:
अहो, हा तर माझाच मुद्दा! उलटवायचंच नसेल तर विसरणार काय?

रात्रपाळी:
मग लोक स्ट्रक्ट, म्हणजे मेमरीतला फील्डांचा गठ्ठा, जसाच्या तसा नेटवर्कच्या सॉकेटमध्ये ओततात. पॅडिंगसकट, म्हणजे कम्पायलरने मध्ये सोडलेल्या रिकाम्या बाइटांसकट. कम्पायलर बदलला की बोंब. उलटवायची सक्ती असली की निदान एकेक फील्ड हाताने लिहिलं जातं.

पीएलसीवाला:
तुमची भांडणं सुखवस्तू आहेत राव. आमच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या प्रोटोकॉलमध्ये, मॉडबसमध्ये, १६ बिटांचं रजिस्टर वरचा बाइट आधी, एवढं स्पेकमध्ये आहे. ३२ बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) दोन रजिस्टरांत कसा बसवायचा, यावर स्पेक गप्प. एका मीटरमध्ये वरचं रजिस्टर आधी, दुसऱ्यात खालचं. मॅन्युअलमध्ये उल्लेख असेलच असं नाही. मग चारही क्रम लावून बघायचे, व्होल्टेज २३० च्या आसपास दिसलं की तोच धरायचा. बिग ठेवा की लिटल, पण लिहून ठेवा हो!

इंडेक्सबाई:
साठवणीचं कोणीच बोलत नाहीये. डेटाबेसच्या इंडेक्समधली बिनचिन्ही आकड्याची की (key) वरचा बाइट आधी ठेवली तर नुसत्या मेमसीएमपीने, म्हणजे पहिल्यापासून एकेक बाइट ताडून, क्रम बरोबर लागतो. लिटलमध्ये २५६ चे बाइट ०० ०१ आणि १ चे ०१ ००. म्हणजे २५६ आधी, १ नंतर. शोधा मग रेंज!

खटपट्या:
कीचं मान्य, बाई. पण वायरवर सॉर्टिंग कोण करतं?

रात्रपाळी:
सॉर्टिंग नाही, पण राउटर पत्त्याचा पुढचा भाग जुळवूनच वाट ठरवतो. तो आधी आलेला बरा.

खटपट्या:
आयपी पत्ता म्हणजे बाइटांची माळ, त्यात कोणी बेरीज करत नाही. तो राहू दे तसाच. मी लांबी, काउंटर, टाइमस्टॅम्प यांबद्दल बोलतोय.