मदत हवी: निन्जा टर्टल्स व्हिडिओ गेम (निन्टेन्डोचा एनईएस कन्सोल, १९८९), धरणातले बॉम्ब वेळेत संपत नाहीत

धागाकर्ता:
कोनामीचा पहिला टर्टल्स पुन्हा खेळायला घेतलाय, कावाबंगा कलेक्शन या जुन्या टर्टल्स गेमच्या संचातली एनईएस आवृत्ती. रिवाइंड (खेळ मागे नेणं) आणि सेव्ह स्टेटला (हव्या त्या क्षणी खेळ जतन करणं) हात न लावता संपवायचाय. एरिया २ मधल्या धरणापाशी गाडी अडते. २ मिनिटं २० सेकंदांत ८ बॉम्ब निकामी करायचे. पाच-सहा होतात, मग विजेच्या शेवाळाच्या अरुंद बोळात एनर्जी संपते. कसंबसं पार पडलं तरी पुढे चार कासवांपैकी डोनाटेलो उरत नाही. कुठं चुकतंय?

कासवगती:
पाण्यात डोनाटेलोला उतरवताय, तिथेच चुकतंय. धरणात शस्त्राचा काही उपयोग नाही आणि पोहायला चौघे सारखेच. राफाएल आणि मायकेलअँजेलोला पाण्यात खर्च करा. जमिनीवर त्यांच्या शस्त्रांची पोच कमी, म्हणून तिथे त्यांची किंमतही कमी. डोनाटेलोची काठी सगळ्यात लांब पोचते आणि तिचा मारही सगळ्यात जड. तो एरिया ३ साठी भरल्या एनर्जीने राखायचा. लिओनार्डो मधल्या कामाला.

प्रत्येकाची एनर्जी वेगळी असते, त्यामुळे राफाएलच्या दोन-तीन खुणा उरल्या की लगेच स्टार्ट दाबून कासव बदला. शून्यावर गेला तर तो पकडला जातो. कंटिन्यू (हरल्यावर पुन्हा खेळायची संधी) फक्त दोन आहेत, आणि तेही एरियाच्या सुरुवातीपासून.

दुसरा_कंट्रोलर:
बोळाबद्दल. शेवाळ खालीही आहे, वरही. खालच्याला अंग लागलं की माणूस घाबरून ए बटण भराभर दाबतो आणि कासव थेट वरच्या शेवाळाला चिकटतं. स्पर्श होत राहील तोवर एनर्जी गळत राहते, म्हणजे खरं नुकसान ही घाईच करते. आत शिरण्याआधी मोकळ्या पाण्यात उंची जुळवून घ्या. मग ए चा एक हलका दाब, थोडं बुडू द्या, पुन्हा एक दाब. दिशेचं बटण मात्र सोडू नका.

वीज चालू-बंद होते त्या फटींशी एक चक्र पूर्ण बघा आणि बंद होताक्षणी निघा. घाईत धडकण्यापेक्षा दोन सेकंद गेलेले परवडतात.

टीव्हीचा गेम मोडही (चित्र कमी उशिराने दाखवणारी सेटिंग) तपासा. ५० मिलिसेकंद उशीर म्हणजे पडद्यावरच्या साधारण तीन फ्रेम (चित्रं), आणि ही लय तेवढ्यानेही बिघडते.

धागाकर्ता:
हलक्या दाबाने आठही झाले, १० सेकंद शिल्लक! आता एरिया ३ च्या गटारात छोटी फट आहे, वर छत. उडी मारली की डोकं आपटून पाण्यात.

कासवगती:
उडी मारूच नका. सरळ चालत जा, पाय फटीवरून निघून जातो. मोठ्या फटींना ए दाबून धरायचा, कमी उंचीच्या उडीला नुसता टिचकीभर. (जुन्या पीसीच्या डॉसवरच्या आवृत्तीत याच एरियात एक उडी चीटशिवाय पारच होत नाही. ती कोणी खेळत असेल तर उगाच स्वतःला दोष देऊ नये.)

आणि स्क्रोल (मोजक्या वेळा वापरता येणारं जादा शस्त्र) मिळाले तर गटारात उधळू नका. टेक्नोड्रोममध्ये (शत्रूचा अड्डा) मुख्य खलनायक श्रेडरच्या आधीच्या बोळात लेझरवाले सैनिक येतात, तिथे स्क्रोलचीच गरज पडते. पुढे श्रेडरच्या एका गोळीने कासव संपतं, एनर्जी कितीही असो. म्हणून तिथे चौघे जिवंत पोचणं महत्त्वाचं. पकडलेला कासव एरिया ३ पासून पुढे सोडवता येतो, त्यामुळे इमारती धुंडाळायला आळस करू नका.