केएचएलचे युरोपातले क्लब टिकले का नाहीत? सावजीची पैज लागली आहे, निकाल द्या

कळमना_नाईटशिफ्ट

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हा क्रिकेटचा धागा नाही.

मी कळमन्यातल्या एका कोल्ड स्टोरेजला प्लँट ऑपरेटर आहे. बहुतेक रात्रपाळीच असते. आत मिरचीची पोती, बाहेर अमोनियाचे तीन कॉम्प्रेसर, आणि दर तासाला लॉगशीटवर प्रेशरचे आकडे लिहायचे. मधल्या वेळात माणूस काय करणार? मी रशियातली आइस हॉकी पाहतो, म्हणजे केएचएल ही तिथली मोठी लीग. मॉस्कोत संध्याकाळी साडेसातचा सामना म्हणजे आपले रात्रीचे दहा. डबा खाऊन झाला की सामना लागलेलाच असतो.

नाद खेळानं नाही लावला, बर्फानं लावला. मधल्या सुट्टीत ती बर्फ सारवणारी गाडी फिरते ना, तिच्यामागून वाफ निघताना पाहिली अन् मी उडालोच. बर्फावर गरम पाणी! मग डोक्यात शिरलं. गरम पाण्यानं वरचा थर जरासा वितळतो, नवं पाणी त्यात एकजीव होऊन गोठतं, आणि गरम पाण्यात हवा कमी असल्यानं बर्फ काचेसारखा होतो. साठ बाय तीस मीटरची रिंक, तीन सेंटिमीटर बर्फ धरला तरी पन्नास टनांच्या घरात जातो. तो सगळा उणे पाचच्या आसपास धरून ठेवायचा, अन् वरून दहा हजार माणसं श्वास सोडून राहिलेत. आमच्या चेंबरचं दार कोणी दहा मिनिटं उघडं ठेवलं तरी मी शिव्या घालतो.

असो. मुद्दा पैजेचा.

केएचएल 2008 मध्ये सुरू झाली. पहिल्या दिवसापासून रशियाबाहेरचे क्लब होते: लाटव्हियाचा दिनामो रिगा, बेलारूसचा दिनामो मिन्स्क, कझाकस्तानचा बारिस. मग युरोपात हातपाय पसरणं सुरू झालं. 2011 मध्ये स्लोव्हाकियातला लेव्ह पोप्राद आला, तो एका हंगामात गुंडाळला अन् 2012 मध्ये त्याच नावानं प्राग उभं केलं. त्याच वर्षी स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा आणि युक्रेनचा दोनबास दोनेत्स्क. 2013 मध्ये क्रोएशियाचा मेद्वेश्चाक झाग्रेब. 2014 मध्ये फिनलंडचा योकेरित. एकूण अठ्ठावीस क्लब झाले होते, अमेरिका-कॅनडाच्या एनएचएलपेक्षा दोनच कमी.

आज यातलं काय उरलं? लेव्ह प्राग 2014 मध्ये गागारीन कपच्या, म्हणजे केएचएलच्या ट्रॉफीच्या, फायनलला गेला, सातव्या सामन्यापर्यंत लढला, मॅग्नितोगोर्स्ककडून हरला, आणि त्याच उन्हाळ्यात बंद. फायनल खेळणारा क्लब! झाग्रेब 2017 ला बाहेर, स्लोव्हान कर्ज घेऊन 2019 ला बाहेर. रिगा अन् योकेरितनं फेब्रुवारी 2022 मध्ये, युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा लीग सोडली. दोनबासचं दुखणं वेगळंच. 2014 च्या वसंतात दोनेत्स्कमध्ये खेळणं शक्य राहिलं नाही, तर प्रागविरुद्धचे घरचे प्लेऑफ त्यांनी ब्रातिस्लाव्हात खेळले. त्यातला एक सामना चौथ्या जादा वेळेपर्यंत गेला. मे महिन्यात त्यांचं स्टेडियम लुटून जाळलं.

आमचा इलेक्ट्रिशियन राजू म्हणतो, "पैसा ओता, कुठंही लीग चालते. आयपीएल पाह्य ना." माझं म्हणणं, क्लब पैशावर उभा राहतो, टिकतो शेजारावर. झाग्रेबच्या माणसाला रशियाच्या पार पूर्व टोकाच्या व्लादिवोस्तोकशी काय खुन्नस असणार? हिवाळ्यात दोन्ही गावांच्या घड्याळात नऊ तासांचा फरक. हे दोन्ही क्लब लीगमध्ये आले एकाच वर्षी, 2013 मध्ये.

पैज सावजी मटणाची, पोटभर. युद्धामुळं गेलेले क्लब पैजेतून वगळले आहेत. कोण बरोबर?

ग्राट्सकर_मूळ_प्रतापनगर

भाऊ, धागा पाहून राहावलं नाही. मी आठ वर्षांपासून ऑस्ट्रियात ग्राट्सला आहे. तुम्ही जे शोधून राहिले ते इथं माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ऑस्ट्रियाच्या लीगनंही परदेशी क्लब घेतले, पण कसे? 2006 मध्ये सीमेपलीकडचं येसेनित्से, स्लोव्हेनियातलं पोलादाच्या कारखान्याचं गाव. 2007 मध्ये हंगेरीचं सेकेशफेहेरवार आणि स्लोव्हेनियाचंच ल्युब्लियाना. पुढं झाग्रेब, चेक सीमेवरचं झ्नोइमो. 2013 मध्ये इटलीतलं बोल्झानो आलं आणि पहिल्याच हंगामात ऑस्ट्रियाची ट्रॉफी उचलून घेऊन गेलं. ऑस्ट्रियन लोकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले असतील, मी तेव्हा इथं नव्हतो. 2018 मध्ये परत जिंकले.

अंतरं नागपूरच्या मापात सांगतो. क्लागेनफुर्ट ते फिलाख, दोन्ही ऑस्ट्रियातलीच, म्हणजे नागपूर-उमरेड. क्लागेनफुर्ट ते ल्युब्लियाना म्हणजे नागपूर-वर्धा, मध्ये डोंगर तेवढा जास्त. मंगळवारी रात्री ऑफिस सुटल्यावर बसनं जायचं, सामना पाहायचा, सकाळी कामावर.

गेल्या जानेवारीत ल्युब्लियानाचे लोक इथं आले होते. दोन बस, हिरवे मफलर, एकाच्या हातात ढोल. आमच्या बाजूला बसलेल्या आजोबांनी त्यांना पाहून जे काही म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. पण मधल्या सुट्टीत तेच आजोबा त्यांच्यातल्या एकाला सॉसेज खाऊ घालत होते. अशी जुनी खुन्नस विकत आणता येत नाही.

तुम्ही मटण जिंकले समजा.

धंतोली_दुपार

घाई होते आहे. दोघांनीही झाग्रेबची अर्धीच गोष्ट सांगितली.

मेद्वेश्चाक 2013 च्या आधी कुठं होता? त्याच ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये. गर्दी भरपूर. सप्टेंबर 2012 मध्ये त्यांनी पुला गावातल्या रोमन काळच्या दगडी रंगमंडलात, उघड्या आभाळाखाली बर्फ टाकून सामने घेतले. (कळमनावाले, हे तुम्हाला आवडेल. समुद्रकाठचा सप्टेंबर, अन् खाली बर्फ.) केएचएलमध्ये पहिल्याच वर्षी प्लेऑफ गाठला. मग 2017 मध्ये परत आपल्या जुन्या शेजाऱ्यांत आले. बस, ढोल, मफलर, सगळं होतं. तरी जानेवारी 2019 मध्ये, हंगाम अर्धा असताना, पैशाअभावी माघार घेतली.

म्हणजे शेजार होता, तरी बुडाले. राजूला निम्मं मटण द्या.

आणि योकेरितचं युद्धात टाकून मोकळे होऊ नका. तो हेलसिंकीचा जुना क्लब, 1967 चा, फिनलंडचं विजेतेपद सहा वेळा. गावातच एचआयएफके या दुसऱ्या क्लबाशी हाडवैर. 2014 मध्ये ते वैर सोडून ते केएचएलमध्ये गेले. घरचा शेजारी गमावून परक्याच्या पंगतीला. 2022 मध्ये पंगत उठली तेव्हा घरची जागा राहिली नव्हती. 2023 मध्ये दुसऱ्या पायरीच्या लीगमधून पुन्हा सुरुवात करावी लागली.

कळमना_नाईटशिफ्ट

धंतोली, झाग्रेबचा शेवट माझ्याकडून सुटला हे खरं. राजूला वाचून दाखवलं. त्यानं लगेच "रश्श्यात तर्री जास्त पाहिजे" सांगून टाकलं.

पुलाचे फोटो शोधून पाहिले. बाप्पा! दोन हजार वर्षांच्या दगडात पाइप अंथरून बर्फ. माझी त्या रात्री कंडेन्सरवर ड्युटी असती तर मी हंगामभर झोपलो नसतो. दगड दिवसभर ऊन पितो अन् रात्री ओकतो, आपल्या गच्चीसारखाच.

पण एक विचारतो. ग्राट्सकर, तुमचं ते ल्युब्लियाना कधी बुडालं नाही का?

ग्राट्सकर_मूळ_प्रतापनगर

बुडालं ना! 2017 मध्ये ल्युब्लियानाचा जुना क्लब पैशानं खलास झाला. पण 2021 मध्ये नवा ऑलिंपिया वरच्या लीगमध्ये परत आला. मधल्या काळात तो आल्प्स लीगमध्ये खेळत होता. ही 2016 पासूनची खालची लीग, ऑस्ट्रिया-इटली-स्लोव्हेनियाच्या छोट्या क्लबांची. इटलीचे पुस्टरटाल 2021 मध्ये आणि आसियागो 2022 मध्ये तिथूनच वर चढले.

झाग्रेबला तो जिना वापरता आला नाही. क्रोएशियात हॉकीचे क्लब बोटांवर मोजण्याइतके. वरून पडले ते थेट तळाला.

कामठीचा_निवृत्त_सुभेदार

मुलांनो, मी लीग वगैरे पाहत नाही. नातवानं हा धागा दाखवला म्हणून लिहितो. आइस हॉकी मी खेळलेलो आहे. लेहमध्ये पोस्टिंग होतं तेव्हा.

तिथं कारझूचं तळं डिसेंबरात गोठतं. रात्री पोरं बादल्यांनी, पाइपनं पाणी टाकायची, सकाळी मैदान तयार. कॉम्प्रेसर नाही, बिल नाही. बॅटी पुरायच्या नाहीत म्हणून एक जण बाहेर आला की त्याचीच बॅट घेऊन दुसरा आत. स्केट्सचंही तेच. माझे पाय मोठे, त्यामुळं मी नेहमी अंगठे दुमडून खेळलो. लडाख स्काउट्सचा संघ आम्हाला असा धुवायचा की नंतर चहा पण त्यांच्याकडचाच प्यायचो. हंगाम जेमतेम दोन महिने. फेब्रुवारी सरता सरता काठाकडून बर्फ कुरकुरायला लागला की खेळ संपला.

2025 मध्ये यूएईतल्या अल ऐनला आइस हॉकीचा आशिया कप झाला, त्यात आपल्या मुलींनी कांस्यपदक आणलं. त्या संघात लडाखच्या पोरी. अशाच तळ्यांवर, मागून आणलेल्या स्केट्सवर घसरून मोठ्या झालेल्या. उलटं उदाहरण डेहराडूनचं. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी तिथं मोठी बंदिस्त रिंक बांधली, खेळ झाले, आणि पुढं कित्येक वर्षं ती कुलपात होती. इमारत होती, मशिनरी होती, रोज सकाळी स्केट्स बांधून येणारी पोरं नव्हती.

पैजेचं मला कळत नाही. पण राजूला म्हणावं, डेहराडूनला पैसा ओतलाच होता.

धंतोली_दुपार

काकांना नमस्कार. राजूच्या बाजूनं शेवटचं बोलतो, मग मी गप्प.

आपलं विदर्भ पाहा. 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. बाहेरून आणलेच ना? पुढच्या वर्षी परत जिंकली. 2024-25 ला जामठ्यावर केरळविरुद्ध तिसरी, त्यातही करुण नायर बाहेरचाच.

कळमना_नाईटशिफ्ट

आणले, पण दोन-तीन. फायनलमध्ये दीडशे कोणी मारले? दानिश मालेवारनं, नागपूरच्या पोरानं. तो काही जाहिरात देऊन नाही मिळाला. झाग्रेबनं केएचएलसाठी जवळजवळ अख्खा संघच कॅनडा-अमेरिकेचा उभा केला होता. ती पोरं चांगलीच खेळली, त्यांच्यावर राग नाही. पण पगार थांबल्यावर त्यांनी झाग्रेबमध्ये का थांबावं?

काकांचं अन् ग्राट्सकरचं वाचून माझंच म्हणणं थोडं बदलतो. शेजार पाहिजेच, पण शेजाराखाली जिना पाहिजे. पडलं तर अडकायला एखादी पायरी. आमच्या प्लँटवर एक कॉम्प्रेसर नेहमी स्टँडबायला असतो, त्याला मालक दर वर्षी "हा फुकट का पोसायचा" म्हणतात. दोन वर्षांआधी मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, चालू असलेल्या दोघांपैकी एक रात्री अडीचला जाम झाला. त्या दिवशी तोच फुकटा चालला, म्हणून मिरची वाचली. केएचएलनं युरोपात जिथं जिथं क्लब नेला तिथं एकच कॉम्प्रेसर बसवला. प्रायोजक गेला, चेंबर गरम.

आता पैजेचा निकाल. मी म्हटलं होतं "शेजार", अन् झाग्रेबला शेजार असून तो बुडाला, म्हणून मी हरलो. राजू म्हटला होता "पैसा", अन् लेव्ह प्राग पैसेवाला असून फायनल खेळून बुडाला, म्हणून तोही हरला. शनिवारी दोघं मिळून जाऊन राहिलो, बिल निम्मं-निम्मं. ग्राट्सकर सुट्टीला आले की त्यांचं माझ्याकडं लागलं. सुभेदार काका, तुम्ही कामठीहून आलात तर घ्यायला मी गाडी घेऊन येतो, फक्त शनिवार धरा, रविवारपासून माझी परत रात्रपाळी आहे.

कामठीचा_निवृत्त_सुभेदार

येतो. तिखट बेतानं सांगा, डॉक्टरनं मना केलं आहे.

कळमना_नाईटशिफ्ट

काका, सावजीत बेतानं काय असते?