नवऱ्याने मासे-मटण सोडलं. जीवनसत्त्व बी१२ तळाला, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वर. मासे पुन्हा सुरू करावेत का? (मदत हवी आहे)

कोकमसार

नमस्कार. धागा लांबणार आहे, पण रिपोर्ट सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

ह्यांचं वय ५६. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, राहायला बदलापूरला. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ हजारची. गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसला. घरी सोडताना दिलेल्या कागदावर आहाराखाली दोनच ओळी होत्या: तेल-तूप कमी, मटण बंद. माशांचं नावही नव्हतं. पण घरी येईपर्यंत त्याचं "वशाट कायमचं बंद" झालं. सासूबाई माळकरी आहेत, त्यांना आनंदच झाला. "आता माळच घाल" म्हणून मागे लागल्या. मुलगी बंगळुरूला असते, ती पूर्ण व्हीगन (दूध-दहीसुद्धा नाही). तिने फोनवर टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा आजी आणि नात एका बाजूला!

आता रिपोर्ट. आधीचे स्टेंटच्या वेळचे, नंतरचे गेल्या आठवड्यातले.

एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ होतं, आता ६४.
ट्रायग्लिसराइड्स १६८ होते, आता २४६.
एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१ होतं, आता ८.
बी१२ आधी कधी तपासलंच नव्हतं, आता १३८ (लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० च्या आसपास).

एलडीएल उतरलं ते शाकाहारामुळे, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. माझं मत वेगळं आहे. अॅटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी स्टेंटच्याच दिवशी सुरू झाली, तेव्हा श्रेय गोळीचं की दुधीच्या भाजीचं हे कसं ठरवणार?

आणि ताटात काय बदललं ते मी रोज वाढते, म्हणून मला माहीत आहे. पूर्वी दुपारी दोन बांगडे, नाहीतर तारल्यांचं तिखलं आणि मुठीएवढा भात. आता माशाची जागा बटाट्याची काचरी, भाताचा दुसरा ढीग आणि वरणाचं पाणी यांनी घेतली आहे. पोट भरत नाही म्हणून चारला चहाबरोबर खारी, सातला पोहे. गुरुवारचा उपास नवीन धरलाय, त्याला साबुदाणा. कुळथाची पिठी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार हे दोनच कडधान्याचे प्रकार आवडीने खातात. मूग-मटकी पुढे केली की "मी काय आजारी आहे?" (आता यावर काय बोलायचं.)

गेले काही महिने पायांच्या बोटांना मुंग्या येतात. रात्री जास्त. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही म्हणतात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "शुगरमुळे होतं" म्हणून सोडून दिलं. बी१२ मीच हट्टाने करायला लावलं.

माझे प्रश्न:
मासे पुन्हा सुरू केले तर स्टेंटला धोका आहे का? अंडं चालेल का?
बी१२ मासे बंद केल्यामुळेच उतरलं का?
मासे नकोतच असं ठरलं तर शाकाहारात हे सगळं भागतं का? मुलगी म्हणते भागतं.
मटणाचा हट्ट नाही. श्रावणानंतर वडे-सागुती एखाद वेळ चालेल का, एवढंच विचारतात.

"आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत रोज सुरमई खाल्ली" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. आमच्याकडेही असे आजोबा होते.

तांबडी_माती

आजोबांचं लिहायलाच आलो होतो. असो. वाचतोय.

लॅबवाली

कोकमसार, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हातात येतात.

पहिलं: मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. मधुमेहाने नसा बिघडतात तेव्हाही पायाला मुंग्या आणि बी१२ कमी पडलं तरीही मुंग्याच. दिसायला सारखंच. फरक असा की बी१२ मुळे असेल आणि लवकर भरून काढलं तर सुधारतं. फार उशीर झाला तर काही नुकसान तसंच राहतं. कंपनाचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्याला लावून बघणं दोन मिनिटांचं काम आहे, ते करायला सांगा.

दुसरं: एका वर्षात मासे बंद करून बी१२ एवढं खाली येत नाही. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. म्हणजे घसरण आधीच सुरू होती. कारण तुम्हीच लिहिलंय: मेटफॉर्मिन. ती बरीच वर्षं घेतली की आतड्यात बी१२ कमी शोषलं जातं. आता दुसरा प्रश्न तुम्हाला. स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीची गोळी) दिलंय का? बहुतेक दिलं असेल. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ प्रथिनापासून सुटं व्हायलाच अडचण येते. म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या आणि मासे त्यातली शेवटची. पण यातली एकही गोळी परस्पर बंद करू नका! नाहीतर बी१२ च्या नादात स्टेंट बुजायचा.

तिसरं: बाजारातल्या "रक्तवाढीच्या" गोळ्या आणून देऊ नका. त्यात फॉलिक अॅसिड असतं. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

इंजेक्शन की गोळी ते डॉक्टर ठरवतील. पाचशे-हजार मायक्रोग्रॅमची गोळी बघून घाबरू नका. एवढ्या मोठ्या मात्रेतलं जेमतेम एक टक्का आपसूक झिरपतं आणि दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच आहे. हे झिरपणं आम्लावर अवलंबून नाही, म्हणून पॅन्टोप्राझोल चालू असतानाही गोळी उपयोगी पडते.

भिजलेले_वाल

ताई, मी नऊ-दहा वर्षं व्हीगन आहे, तेव्हा तुमच्या लेकीच्या बाजूने बोलायला हवं. बोलतोही, पण एका अटीवर.

भागतं का? भागतं. बी१२ मात्र गोळीतूनच. ते जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. स्पिरुलिनात असतं म्हणून विकतात, पण त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला न चालणारं नकली रूप असतं. लेकीलाही विचारा ती गोळी घेते का. या वयात साठ्यावर निभतं आणि मग एक दिवस निभत नाही.

हृदयाचं म्हणाल तर ऑक्सफर्डच्या एपिक अभ्यासाचे २०१९ चे आकडे बघा. ब्रिटनमधली ४८ हजारांवर माणसं, १८ वर्षं पाठपुरावा. शाकाहारींमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी. मासे खाणाऱ्यांमध्येही १३ टक्के कमी. पण त्याच अभ्यासात शाकाहारींमध्ये पक्षाघात २० टक्के जास्त निघाला. आमच्या ग्रुपवर पहिला आकडा फिरतो, दुसरा फिरत नाही. शिवाय तिथल्या शाकाहारी माणसाचं ताट म्हणजे साबुदाणा आणि खारी नव्हे. यजमानांनी मासे सोडले ते ठीक, पण त्या जागी आलंय काय? ट्रायग्लिसराइड्स आणि साखर दोन्ही एकदम वर गेलीत ती याच पिठूळ ताटाने, असं मला वाटतं. मासे आणा किंवा आणू नका, दुसरा भाताचा ढीग आणि चारची खारी गेलीच पाहिजे.

मूग-मटकी नको तर नको. कुळीथ आणि काळे वाटाणेच रोज करा, घट्ट करा. वरणाचं पाणी म्हणजे प्रथिन नव्हे. आणि उपास सोडवत नसेल तर साबुदाण्याऐवजी दाणे-ताक-राजगिरा.

खाडीकाठ

+१ भिजलेले_वाल. व्हीगन माणसाकडून असा प्रतिसाद पहिल्यांदा वाचला.

माशांबद्दल: हृदयविकार झालेल्यांना आठवड्यातून एक-दोनदा मासे खा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा सांगतं. अट एवढीच की तळलेले नकोत. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे म्हणजे ओमेगा-३ चे, आणि स्वस्त. सुरमईसारख्या मोठ्या माशांत पारा जास्त साठतो, त्यापेक्षा हे छोटे बरे. तिसऱ्यांमध्ये (शिंपल्यांमध्ये) बी१२ भरपूर. रवा लावून डावभर तेलात सोडलेला बांगडा मात्र हिशेबात धरू नका. तिरफळं घालून तिखलं करा, खोबरं बेताने.

मटणाचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली तांबडं मांस "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं. त्यात आपलं बोकडाचंही आलं. सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस थेट पहिल्या गटात, तंबाखूच्या रांगेत. रांग एक म्हणून धोका तेवढाच असं नव्हे. पुरावा किती पक्का आहे यावरून ते गट पाडतात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्के वाढतो, असा त्यांचा हिशेब. वर्षातून दोनदा सागुती खाणाऱ्याची चिंता वेगळी: चरबी आणि वड्यांचं तेल. मी असतो तर कोंबडीची सागुती आणि दोन वडे यावर तडजोड केली असती. शेवटचा शब्द हृदयाच्या डॉक्टरांचा.

सांजवेळ

आमच्या घरी उलट. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, दूध-दही भरपूर, तरी चौघांचं बी१२ कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ साली मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली होती. त्यात दोन तृतीयांश जणांचं बी१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. तेव्हा सासूबाईंचंही तपासून घ्या. त्या किती वर्षं माळकरी आहेत?

कोकमसार

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅबवाली, पॅन्टोप्राझोल आहेच, रोज सकाळी उपाशीपोटी. आमच्याकडे ते कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर नेणार आहे आणि ताटाचं जसं इथे लिहिलं तसंच तिथे सांगणार. खारी कालपासून बंद (घरात शांतता नाही). लेकीला गोळीचं विचारलं तर "अगं आई, करते ना ऑर्डर" असं उत्तर आलं, म्हणजे घेत नव्हती. सासूबाई वीस-बावीस वर्षं माळकरी. त्यांचंही रक्त देणार आहोत, फक्त कशासाठी ते अजून सांगितलेलं नाही.

आता एक राहिलंच. पावसाळ्यात ताजे मासे धड मिळत नाहीत, तेव्हा गावाहून सुकट आणि सोडे येतात. ह्यांना रक्तदाबही आहे. मिठाचं काय?

खाडीकाठ

सोडे आणि सुकट सहसा बिनमिठाची, नुसती उन्हात वाळवलेली असतात. घेताना चाखून बघा. मिठातले ते खारे बांगडे आणि खारवलेली सुरमई, ती अजिबात नको. पाण्यात भिजवून थोडं मीठ उतरतं, पण पथ्य म्हणण्याइतकं नाही.