मदत हवी आहे: डावखुऱ्या मुलासाठी परवडणारी बोल्ट ॲक्शन रायफल (न्यूझीलंड, हरणाची शिकार)

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा सहा वर्षांपासून वेलिंग्टनला असतो. येत्या मार्चमध्ये तो तीस वर्षांचा होईल. त्याला वाढदिवसाला रायफल घ्यायला पैसे द्यायचे माझ्या मनात आहे. इथे परदेशातले बरेच जण वाचतात, म्हणून विचारतो.

रायफल म्हटल्यावर काही जण दचकतील, तेव्हा आधी पार्श्वभूमी सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे, या मताचा मी आहे. येऊरला पहाटे चालायला गेलो असताना एकदा सांबर रस्त्यात उभं होतं, ते दृश्य मी विसरलेलो नाही. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीसाठी नेऊन सोडली. आपलं सांबरसुद्धा श्रीलंकेतून तिकडे गेलंय. त्यांना खाणारा वाघ-बिबट्या तिथे नाही, त्यामुळे संख्या वाढत राहते आणि रानातली कोवळी रोपं वर येतच नाहीत. म्हणून तिथल्या सरकारी जंगलात शिकारीचं परमिट ऑनलाइन आणि फुकट मिळतं.

बंदुकीचा परवाना मात्र फुकटात मिळत नाही आणि सहज तर मुळीच नाही. मुलाने सुरक्षेचा कोर्स केला, परीक्षा दिली, घरी माणसं येऊन तिजोरी बघून गेली, ओळखीच्यांकडे त्याच्याबद्दल विचारपूस झाली. पहिला परवाना पाच वर्षांचा असतो, तो त्याला मिळाला आहे. त्याच्या आईची एकच अट आहे: जे मारशील ते खाशील, आणि वाटून खाशील. ती तो पाळतो. मागच्या वेळी मित्राबरोबर गेला तेव्हा निम्मं मटण शेजारच्या दोन घरांत गेलं.

आता मुख्य अडचण. मुलगा डावखुरा आहे आणि आतापर्यंत तो मित्राची उजव्या हाताची रायफल वापरतोय. बोल्ट ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट नावाचा दांडा मुठीने मागे-पुढे करावा लागतो, तेव्हा काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडून नवं काडतूस आत जातं.

दिवाळीला आला होता तेव्हा त्याने मला हॉलमध्ये दाखवलं. माझ्या वडिलांची लांब दांड्याची छत्री घेतली, डाव्या खांद्याला लावली, डावा गाल टेकवला, डाव्या हाताचं बोट चापावर. "बाबा, बोल्टची मूठ उजवीकडे असते, तिथे बोट ठेवा." मी ठेवलं. मग त्याने चापावरचा हात काढला, छत्रीवरून पलीकडे नेला, दाराची कडी उघडावी तशी मूठ वर, मागे, पुढे, खाली केली आणि हात परत आणला. तेवढ्यात छत्रीचं टोक वीतभर खाली गेलं होतं आणि गाल दांड्यावरून सुटला होता. पहिली गोळी चुकीच्या जागी लागली तर जखमी जनावर पळून जातं, तडफडत राहतं. दुसरी गोळी लगेच झाडता आली पाहिजे, ती अशा कसरतीत कशी जमणार?

शिवाय पुंगळी उजवीकडून बाहेर पडते आणि डावखुऱ्याचा चेहरा नेमका त्याच बाजूला असतो. काडतुसाची पुंगळी फाटली तर गरम वायू डोळ्यांकडे येणार. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात टूलरूमला ३१ वर्षं काढली. यंत्राच्या चुकीच्या बाजूला उभं राहून काम करणाऱ्याचं काय होतं, ते मी बघितलेलं आहे. दिवाळीपासून झोप नीट लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथे लिहितो, कारण मनात तीच आहे. दुसरीत असताना बाईंनी त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारली होती, उजव्याने लिही म्हणून. तेव्हा मी शाळेत जाऊन बोलायला हवं होतं. गेलो नाही. उलट घरी मीच "उजव्या हाताने जेव" म्हणत राहिलो. तो आजही जेवतो उजव्याने आणि लिहितो डाव्याने. कॉलेजात उजव्या हाताला फळी असलेल्या खुर्चीवर चार वर्षं वाकडा बसून त्याने लिहिलं. एक तरी वस्तू त्याच्या हाताला बनवलेली असावी, असं मला फार वाटतं.

बजेट २,००० न्यूझीलंड डॉलर, दुर्बिणीसकट. डाव्या हाताच्या आवृत्तीत मिळणाऱ्या तीन रायफली आम्ही काढल्या आहेत:

सॅव्हेज ॲक्सिस. सगळ्यांत स्वस्त. एक्सपी प्रकारात दुर्बीण बसवूनच येते. पहिल्या ॲक्सिसचा चाप जड आहे, ॲक्सिस टूमध्ये सुधारलेला ॲक्युट्रिगर आहे. प्लास्टिकचा दस्ता मला फोटोतही लवचीक वाटतो.

रुगर अमेरिकन. मधली. सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) दस्त्याच्या वर मधोमध आहे, अंगठा कुठलाही असो, सारखाच पोहोचतो. ॲक्सिसचीही तशीच आहे.

तिका टी३एक्स लाइट. फिनलंडला साको बनवते. बोल्ट फक्त ७० अंश उचलावा लागतो आणि चालतो म्हणे लोण्यासारखा. पण ती घेतली तर बजेट जवळपास रायफलीतच संपतं.

प्रश्न असे: पैसे रायफलीत घालावेत की स्वस्त रायफल घेऊन चांगल्या दुर्बिणीत? काडतूस कुठल्या मापाचं घ्यावं: .२४३, ७ एमएम-०८ की .३०८? आणि डाव्या हाताची वापरलेली रायफल बघण्यात अर्थ आहे का? तो तरारुआ आणि रेमुटाकाच्या डोंगरात जातो.

---

वायकाटोवासी

काका, नमस्कार. मी हॅमिल्टनला असतो, अकरा वर्षं शिकार करतोय. मी उजवा आहे, पण माझा नेहमीचा जोडीदार डावखुरा आहे, त्यामुळे हा प्रश्न घरचाच.

तरारुआत झाडी इतकी दाट असते की हरीण दिसलं तर बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आतच दिसतं. तिथे मोठी महागडी दुर्बीण म्हणजे नुसतं ओझं. साधी ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिमी) पुष्कळ झाली. दुर्बिणीला डावं-उजवं नसतं, पुढे हवी तर बदलता येते. रायफल मात्र दहा-वीस वर्षं राहते. म्हणून पैसे रायफलीत घाला.

तुम्ही एक गोष्ट धरलेली नाही, ती पावसाची. तो डोंगर सतत ओला असतो. स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक दस्ता घ्या. साधी काळी नळी दोन दिवस भिजली आणि घरी येऊन लगेच पुसली नाही तर गंजते. डाव्या हातात स्टेनलेस मिळणं हीच खरी अडचण असते, त्यामुळे दुकानात नाव नोंदवायला आत्ताच सांगा. मार्चअखेर ते एप्रिल नर हरणं हंबरतात, त्याला इथे 'रोर' म्हणतात. त्याच्या आधी सगळ्यांनाच रायफल हवी असते.

काडतुसाचं: .२४३ आणि ७ एमएम-०८ दोन्ही .३०८ च्याच पुंगळीचं तोंड बारीक करून बनलेली आहेत, म्हणजे तिन्ही एका घरातली. .२४३ चा धक्का सगळ्यांत कमी, पण मोठ्या रेड डिअरवर नेम आणि गोळी दोन्ही अचूक हवेत. ७ एमएम-०८ मला सगळ्यांत आवडतं. तरी नवख्याला मी .३०८ सांगेन, कारण ते आडगावच्या दुकानातही मिळतं आणि स्वस्त प्रकारही असतात. तो जितका सराव करेल तितकं बरं.

वापरलेली डावी क्वचित मिळते. मिळाली तर सोडू नका, पण तिची वाट बघत रोर घालवू नका. खरेदी त्याच्याच परवान्यावर होईल आणि नोंदणीत चढवावी लागेल, २०२३ पासून तो नियम आहे. तुम्ही फक्त पैसे पाठवा.

आणि रोरमध्ये रान माणसांनी भरलेलं असतं. हंबरण्याचा आवाज माणूसही काढतो. आपण काय मारतोय याची शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय चापावर बोट नाही, हे त्याला तुम्हीही एकदा सांगा. वडिलांचं ऐकतात.

---

नौपाडेकर

ऐरोलीकर साहेब, मला शिकारीतलं कळत नाही. माझी मुलगी ठाण्यात दहा मीटर एअर रायफल करते आणि डावखुरी आहे, म्हणून एक सांगतो. हातापेक्षा डोळा आधी तपासा. डावखुऱ्याचा जोरदार डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याच्यावर भरवसा ठेवतो तो, डावाच असतो असं नाही. तसं निघालं तर डाव्या हाताची रायफल घेऊनही गाल एकीकडे आणि नेम दुसरीकडे, असं होतं.

तपासणी सोपी आहे. दोन्ही हात समोर ताठ, तळवे पुढे, अंगठे आणि बोटं जुळवून मध्ये छोटासा त्रिकोण ठेवायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एक वस्तू बघायची. मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू त्रिकोणातच राहते, तो जोरदार. दोन-तीनदा करा. आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी हे केलं होतं, त्यानंतरच रायफल हातात दिली.

---

ऐरोलीकर

दोघांचेही मनापासून आभार.

काल रात्री व्हिडिओ कॉलवर डोळ्याची तपासणी केली. त्याने खिडकीबाहेरच्या दिव्याच्या खांबावर त्रिकोण धरला, मी इकडून "आता उजवा मीट, आता डावा मीट" म्हणत होतो. तीनदा केलं. तिन्ही वेळा डावाच. चौथ्यांदा त्याच्या आईने करायला लावलं, तेव्हाही डावाच.

मग तिकावर शिक्कामोर्तब झालं. डावी, स्टेनलेस, .३०८. बजेट थोडं ओलांडतंय, पण मी ठाण्यातली एक जुनी एफडी मोडतोय, त्याबद्दल मला काहीच वाटत नाही. दुर्बीण साधी. शनिवारी तो दुकानात जाऊन आधी खांद्याला लावून बघणार आणि डोळे मिटून दहा वेळा बोल्ट चालवणार आहे, तसं मीच सांगितलंय. लांबी त्याच्या हाताला बरोबर बसली तरच पैसे भरायचे.

रोरमधल्या माणसांचंही त्याला सांगितलं. "हो बाबा" म्हणाला. मी पुन्हा सांगितलं.

वायकाटोवासी, एकच राहिलं. ओल्या रानातून आल्यावर नळी पुसण्याआधी बोल्ट काढून वेगळा सुकवायचा की तेल लावूनच ठेवायचा? टूलरूममध्ये आम्ही आधी कोरडं पुसून मगच तेल लावायचो. इथेही तसंच चालेल का?