मदत हवी आहे: डोंगरभटकंतीसाठी कॉटेज पायथ्याला घ्यावं की वर धारेवर?

नमस्कार मंडळी,

सहा रात्रींसाठी एकच कॉटेज घ्यायचं, रोज सकाळी तिथून डोंगरात जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत आहे. रोज पाठीवर बिऱ्हाड नको म्हणून. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, ११ वर्षांची लेक, सासरे (वय ६८, सपाटीवर कितीही चालतील, पण उतार लागला की डावा गुडघा कुरकुरतो) आणि नवऱ्याचा एक मित्र. हा चालत नाही, सुटतो.

दोन घरं पाहून ठेवली आहेत. एक पायथ्याच्या गावात. दुसरं त्याहून साधारण ४०० मीटर उंचीवर, गाडीरस्ता जिथे संपतो तिथे. त्या घराच्या गॅलरीतून समोर अख्खी डोंगररांग दिसते, त्यामुळे नवरा आणि मित्र फोटो बघूनच घायाळ. मला मात्र एकाही फोटोत ओले कपडे वाळत घालायला जागा दिसली नाही.

हसू नका. गेल्या वेळी अशाच एका देखण्या घरात राहिलो आणि दुसऱ्याच दिवशी चिंब भिजून आलो. बूट ठेवायला दाराशी पायपुसण्याएवढी जागा. मी शहाणपणा करून माझे बूट हीटरला टेकवून ठेवले. सकाळी वाळले होते खरे, पण उजव्याचा सोल पुढून सुटून मगरीसारखा आ वासून बसला होता. उरलेले तीन दिवस दोरीने बांधून चालले.

तर विचारायचं असं, की वरच्या घरामुळे सकाळचा चढ वाचेल, पण दरीतल्या वाटा धरल्या तर दमल्यावर शेवटी तोच चढ समोर येईल ना? नवरा म्हणतो, वरच्या वर फिरू. सहाही दिवस त्याच धारेवर? शिवाय ज्या दिवशी सासरे घरी थांबतील, त्या दिवशी त्यांनी तिथे करायचं काय? आणि मित्राच्या हिशेबाने १२ किलोमीटर म्हणजे अडीच तास. यावर विश्वास ठेवू का?

प्रतिसाद १

ताई, मित्राचा हिशेब सपाटीचा आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजूनही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर जवळपास साडेतीन तास. तेही धडधाकट माणसाचे, न थांबता. लेक आणि सासरे बरोबर असतील तर मी सरळ पाच-साडेपाच धरेन. उतारावर वेळ भरून काढू, असं कोणी म्हणालं तर सासऱ्यांच्या गुडघ्याला विचारा.

घर पायथ्याचंच घ्या. तिथून वेगवेगळ्या दिशांना वाटा फुटतात, आणि ढग खाली उतरले तरी नदीकाठाने फिरता येतं. धारेवर ढगात सापडलात तर गॅलरीतून फक्त पांढरं दिसेल. हवा दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे वरच्या घरी अडीचेक अंश जास्त गारठा. कपडे वाळायचे तर हेही धरा.

घरी थांबणाऱ्या माणसाकडे रोजची वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर कोणाला फोन करायचा, तेही. सासऱ्यांना काम मिळेल आणि तुम्हाला आधार.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन-तीन तासांनी बदला. हीटर लांबच.

प्रतिसाद २

मी वरच्या घराच्या बाजूने. पहाटे दार उघडून थेट धारेवर पाऊल टाकण्याची मजा खाली नाही. पण हे दोघातिघांचं, एका चालीच्या लोकांचं काम. तुमच्या टोळीला नाही जमायचं. आणि रात्री काही विसरलं की पूर्ण घाट उतरा.

कुठलंही घेतलंत तरी मालकांना आधी विचारा: वाट दारातून पायी सुरू होते, की 'दहा मिनिटांवर' म्हणजे गाडीने दहा मिनिटं?

धागाकर्ती

दोघांचेही आभार. दोन्ही मालकांना एकच प्रश्न पाठवला होता: पाच जोड ओले बूट कुठे ठेवायचे? खालच्यांनी मागच्या पडवीचा फोटो पाठवला. बॉयलरच्या बाजूला लाकडी फळ्या, वर दोऱ्या, कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. वरच्यांनी पुन्हा गॅलरीचाच फोटो पाठवला.

खालचं नक्की केलंय. नवऱ्याला अजून सांगायचंय.