कोली कुत्रीला डेमोडेक्स झालाय, आयव्हरमेक्टिन द्यावं का?

रानवारा: रफ कोली, मादी, अडीच वर्षांची, वजन २५ किलो. तोंडाभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केस गेलेत, कातडी लाल झालीय, वास येतो. स्किन स्क्रेपिंगमध्ये (कातडी खरवडून केलेल्या तपासणीत) डेमोडेक्स, म्हणजे कातडीत राहणारा सूक्ष्म किडा, निघाला. दर आठवड्याला आयव्हरमेक्टिनचं (किडे-जंत मारायचं औषध) ०.७५ मिली इंजेक्शन सुचवलंय. शेजारच्या लॅब्राडोरला तेच दिलं होतं, तो ठणठणीत आहे. पण कोलीला चालत नाही असं ऐकलं. त्यात कालपासून जुलाब. घरात लोपरामाइड आहे, अर्धी गोळी देऊ का?

काळी_माती: दोन्ही देऊ नका. लॅब्राडोरला काय चाललं ते इथे लागू नाही. कोलींमध्ये एमडीआर-१ नावाच्या जनुकातला दोष फार आढळतो, साधारण दहातल्या सात कोलींमध्ये त्याची निदान एक तरी प्रत असते. हे जनुक मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पंपासारखं काम करणारं प्रथिन बनवतं. आत शिरलेलं औषध तो पंप परत रक्तात ढकलतो. पंपच नसेल तर आयव्हरमेक्टिन मेंदूत साचत जातं.

आता हिशेब बघा. १ टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये मिलीला १० मिलिग्रॅम असतं. ०.७५ मिली म्हणजे ७.५ मिलिग्रॅम, २५ किलोला किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम. दोन्ही प्रती सदोष असलेल्या कुत्र्याला साधारण १०० पासूनच विषबाधा होऊ शकते. हार्टवर्मच्या (हृदयातल्या जंतांच्या) महिन्याच्या गोळीत किलोमागे जेमतेम ६ मायक्रोग्रॅम असतं, म्हणून ती कोलीलाही चालते. ‘आयव्हरमेक्टिन चालतं की नाही’ हा प्रश्नच अर्धवट आहे, किती ते आधी विचारायचं.

लोपरामाइडचंही तेच. इतर कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोचत नाही, इथे पोचतं आणि जनावर गुंगीत जातं. तोवर उकडलेला भात-चिकन थोडं थोडं, आणि पाणी भरपूर. शी काळी किंवा रक्ताची झाली, उलट्या लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना.

टाके_आणि_पट्टी: डेमोडेक्ससाठी आता फ्लुरालानर, अफोक्सोलानर किंवा सारोलानर यांपैकी एक गोळी डॉक्टरांशी बोलून घ्या. एमडीआर-१ दोष असला तरी लेबलवरच्या मात्रेत चालतात. आधी कधी फिट आली असेल तर मात्र ते आवर्जून सांगा. फ्लुरालानर जेवणासोबतच द्यायचं, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही.

वास येतोय म्हणजे वरून जिवाणूंचा संसर्ग असावा. बेंझॉइल पेरॉक्साइडचा शांपू दहा मिनिटं अंगावर ठेवून धुवा. खाज थांबवायला स्टेरॉइड घेऊ नका, डेमोडेक्स उसळतो. केस आले म्हणून उपचारही सोडायचे नाहीत: महिन्याच्या अंतराने केलेली दोन स्क्रेपिंग स्वच्छ यायला हवीत. लोक इथेच घाई करतात.

गोठेवाला: एक राहिलं. गाई-म्हशींना किंवा घोड्याला आयव्हरमेक्टिन दिल्यावर ते शेणातून, लिदीतून बाहेर पडतं. कोलीने ते खाल्लं तरी तेच विष. गोठ्यात ते दिलं की पुढचे काही आठवडे तिला तिकडे मोकळी सोडू नका. लाळ गळणं, बाहुल्या विस्फारणं, झोकांड्या, काही दिसेनासं होणं, ही लक्षणं काही तासांत दिसू लागतात. उतारा नाही. सलाईन, कूस बदलत राहणं, डोळ्यांत मलम, कधी कधी आठवडाभराहून जास्त.

टाके_आणि_पट्टी: आणि केसपेपरवर ‘एमडीआर-१ तपासणी नाही, दोष धरून चला’ असं लिहून घ्या. नसबंदीच्या वेळी एसप्रोमाझिन, ब्युटॉर्फनॉल या गुंगीच्या औषधांची मात्रा कमी करावी लागते. टीव्हीटीच्या (समागमातून पसरणाऱ्या कर्करोगाच्या) गाठीसाठी सर्रास देतात त्या विनक्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाचीही, नाहीतर पांढऱ्या पेशी कोसळतात. चाचणी गालाच्या आतल्या स्वॅबवर होते. जर्मन शेफर्डवाल्यांनीही करावी, त्यांच्यात प्रमाण कमी पण आहे.

रानवारा: इंजेक्शन रद्द केलं. जंताची नेहमीची गोळी?

काळी_माती: प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेनबेंडाझोल, तिन्ही चालतात. पाकिटामागची नावं वाचून घ्या, काही मिश्रणांत आयव्हरमेक्टिनही घातलेलं असतं.